एकतीस क्युसेक

हॅलोरन, वायोमिंग
रविवार, ७ जानेवारी २०२४

प्रिय थेन,

दहा वर्षं आणि तीन महिने तुला पत्र लिहिलं नाही, त्याची माफी मागते. मधल्या काळात तुझ्यासाठी वाढदिवसाची तीन कार्डं विकत घेतली होती. ती टेबलाच्या खणात पडून आहेत. खाली "तुझी बहीण" लिहावं की नुसतं "मार्ला", ते ठरेना म्हणून राहिली, असं मी स्वतःला सांगत आले. तुझा नेवाडातला पत्ता आईकडून घेतला. ती म्हणाली, "देते, पण भांडायला लिहिणार असशील तर शाई वाया घालवू नकोस. खाणीत दिवसभर एवढाला ट्रक हाकून तो दमलेला असतो." मी म्हटलं, भांडायचं नाहीये. "मग हवापाण्याचं लिहिणार असशील," ती म्हणाली, "तर तेही नको."

पाण्याचंच लिहिते आहे.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये कालव्याचं पाणी तू चोरलं नाहीस. चूक पुलाच्या गेजची होती, आणि तो गेज माझ्याकडे होता.

लगेच फाडू नकोस. नदी तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी मी सगळं क्रमानं लिहिते. हाच मजकूर मला पुढे आमच्या पाणी मोजणाऱ्या खात्याला द्यायचा आहे. कुठे पाय घसरत असेल तर तुझ्या आधी लक्षात येईल.

धरणातून पाणी सुटतं ते तीन मैलांवर पुलाच्या गेजपाशी मोजलं जातं. तिथून चार मैलांवर शेतकऱ्यांच्या कालवा कंपनीच्या कालव्याचं तोंड, जिथे पाटकरी म्हणून तुझा हुकूम चालायचा. उरलेलं पाणी कॉटनवुडच्या झाडीतून वळणं घेत गावाच्या गेजपर्यंत येतं. पुलावर जेवढं दिसलं त्यातून कालव्यानं घेतलेलं वजा करायचं, खडीत मुरणारे पाच-सहा क्युसेक सोडून द्यायचे, की गावात किती यायला हवं ते कळतं. त्या ऑगस्टमध्ये ते येत नव्हतं. महिन्याच्या सुरुवातीला तूट चार क्युसेक होती, मग नऊ, मग पंधरा, जत्रेच्या आठवड्यात एकतीस. गावाकडच्या ज्या शेतांचे पाण्याचे हक्क सगळ्यात नवे, त्यांचं पाणी तोडावं लागलं आणि अल्फाल्फाच्या चाऱ्याची तिसरी कापणी उभी वाळली. कालव्याच्या मापाच्या जरा आधी ओटलीबाईंच्या कुरणाला पाणी सोडायचं जुनं दार आहे. तिथून सोडलेलं पाणी कुठेच मोजलं जात नाही. बाईंचं कुरण तेवढं हिरवं दिसत होतं. लोकांना एवढं पुरलं.

सोमवारी, १९ तारखेला, सकाळी आठ वाजता वेस क्रॅंडलनं कंपनीचा अध्यक्ष म्हणून तुझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. त्याच सकाळी गेज तपासायला मला पाठवलं होतं. मी मोजलं, गेज बरोबर निघाला, आणि त्या दिवसापासून तूट नाहीशी झाली. "किल्ली काढली आणि पाणी आलं," असं वेस सगळ्या गावात म्हणत फिरला, आणि त्याला खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता माझी वही सांगते. गेज पाणी मोजत नाही, पाण्याची उंची मोजतो. उंचीवरून पाणी किती ते आमचा तक्ता सांगतो. गेजच्या खालच्या अंगाला खडकांची आडवी रांग आहे, तिला आम्ही उंबरा म्हणतो. उन्हाळ्यात उंबऱ्यावर पाणगवत माजलं की पाणी तुंबतं आणि उंची वाढते. तक्ता म्हणतो पाणी वाढलं. पाणी होतं तेवढंच असतं. म्हणून आमच्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात, की उंबऱ्यावर गवत दिसलं तर आधी पाण्यातली उंचीची पट्टी वाचायची, मग दंताळ्यानं गवत काढायचं, अर्धा तास थांबायचं, पुन्हा वाचायची, आणि मग मोजायला उतरायचं. दोन वाचनांतला फरक म्हणजे गवतानं मारलेली थाप.

त्या दिवशीच्या पानावर एकच वाचन आहे. दोन फूट चोवीस शतांश. खाली माझ्याच अक्षरात, "उंबऱ्यावरचं गवत काढलं." आधीचं वाचन नाही. मी घाणेरडा आरसा पुसला आणि मग म्हटलं, आरसा स्वच्छ आहे.

गेजच्या पेटीतलं यंत्र मात्र दर पाव तासाला उंची टिपत होतं. सव्वानऊला दोन सेहेचाळीस. पावणेदहाला दोन चोवीस. तक्त्यात बघितलं तर या दोहोंतला फरक एकतीस क्युसेक येतो.

आणि हे मी तेव्हाच बघायला हवं होतं. ओटलीबाईंच्या दारापासून गावापर्यंत पाण्याला नऊ तास लागतात. किल्ली काढल्यामुळे पाणी परत आलं असतं तर गावचा गेज संध्याकाळी चढला असता. तो त्या दिवशी चढलाच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुलाचा गेज उतरला आणि वजाबाकी जुळली. सगळ्यांनी वजाबाकी पाहिली. दोनपैकी कुठला आकडा हलला ते कुणी पाहिलं नाही. कुणी म्हणजे मी. बाकीच्यांचं ते काम नव्हतं.

हे गेल्या आठवड्यात हाती लागलं. जुन्या वह्यांची छायाचित्रं काढून मूळ कागद नष्ट करायचं ठरलं आहे, आणि आपापल्या वह्या पूर्ण असल्याची सही प्रत्येकानं द्यायची आहे. मी अजून दिलेली नाही.

शेवटचं आपण आईच्या दारातल्या पायऱ्यांवर बोललो. तू विचारलंस, "तू स्वतः मोजलंस?" मी म्हटलं, "हो. दोनदा." तू म्हणालास, "मग झालं," आणि गाडीकडे गेलास. मी खरंच दोनदा मोजलं होतं. दोन्ही वेळा गवत काढल्यानंतर.

मार्ला


रविवार, २१ जानेवारी

प्रिय थेन,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून बसलेही नव्हते, तरी पत्रपेटी रोज बघते.

एक भोक उरलं होतं, ते बुजवायचं होतं. धरणावरच्या माणसानं नेमकं त्याच सकाळी पाणी एकतीस क्युसेकनं कमी केलं असेल, तर पुलाचा गेज उतरण्याचं खरं कारण तेच ठरतं आणि माझं सगळं म्हणणं कोसळतं. म्हणून बुधवारी व्हर्लिन पेककडे गेले. तो धरणावरून निवृत्त झाला, आता त्या वरच्या वळणावर चाकांवरच्या घरात एकटा राहतो. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "हॉकन्सनची मुलगी! मला वाटलं जनगणनावाले आले."

तुला आठवत असेल, तो खिशात एक तपकिरी वही ठेवायचा. सरकारी नोंदवही वेगळी, ही त्याची स्वतःची. अठ्ठावीस वर्षांच्या वह्या बुटांच्या खोक्यांत लावून ठेवल्या आहेत. चष्मा शोधायला पाच मिनिटं गेली, तो त्याच्या डोक्यावर होता.

"एकोणीस ऑगस्ट, तेरा," त्यानं वाचलं. "वारा पश्चिमेचा. दार हललं नाही. दुपारी मीटलोफ, बरा होता. अठरा, दार हललं नाही. वीस, दार हललं नाही, ट्राउट माशांवाला वकील पुन्हा येऊन ओरडून गेला." मग वर पाहून म्हणाला, "चौदापासून तेवीसपर्यंत मी त्या दाराला हातही लावला नाही. तेल घातलं फक्त. का?"

मी सांगितलं. सगळं, गवतासकट. त्यानं खुणेला बोट घालून वही मिटली.

"व्हर्लिन, हे तुम्ही तेव्हा कुणाला का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं?" तो म्हणाला. "तुझं ऑफिस इथून बावीस मैल. फोन होता की दोघांकडे."

मी ती पानं त्याच्या समोर टेबलावर ठेवून छायाचित्रं काढली. त्याआधी प्रत्येक पानावर त्यानं सही केली आणि सहीखाली दर वेळी "शुद्धीवर असताना" असं लिहिलं. म्हणाला, वेसला ओळखतो मी, तो आधी माझ्या डोक्यावरच शंका घेईल.

शुक्रवारी साहेबांपुढे, लॉइडपुढे, कागद ठेवले. लॉइड वाईट माणूस नाही. त्यानं तासभर आकडे तपासले, एक बेरीज माझ्याहून बरोबर केली, आणि म्हणाला, "नोंद दुरुस्त करू. अर्ज लिही. जुलैअखेरपासून १९ ऑगस्टपर्यंतचा विसर्ग उतरवून नव्यानं प्रसिद्ध करू. तुझ्या फायलीत ठपक्याचं एक पत्र लागेल."

"लागू दे."

"आणि इथे थांब, मार्ला. आपण आकडे दुरुस्त करतो. माणसं दुरुस्त करणं आपल्या खात्यात येत नाही."

मी म्हटलं, १५ फेब्रुवारीला कालवा कंपनीची वार्षिक सभा आहे, रजा टाकून जाते आहे, खात्याचं जाकीट न घालता. तो म्हणाला, "बाहेर उणे वीस आहे, जाकीट घाल." त्याचा विनोद असाच असतो.

काल पुलाच्या गेजवर बर्फात बावीस भोकं पाडून मोजलं. वरचा थर चौदा इंचांचा, खाली पाणी, तळाच्या खडकांना पुन्हा चिकट बर्फ. मोजणीत चौऱ्याण्णव क्युसेक आले आणि पट्टी दोनशे क्युसेकची उंची दाखवत होती. हिवाळ्यात आमच्यापैकी कुणीही त्या उंचीवर विश्वास ठेवत नाही, कारण बर्फ डोळ्यांना दिसतो. गवत पाण्याखाली असतं. पण मी तर त्यात गुडघाभर उभी होते आणि ते माझ्या दंताळ्याला गुंडाळलेलं होतं. न दिसण्याचा बहाणा मला नाही.

का वाचली नाही पट्टी, याचा मी दोन आठवडे विचार करते आहे. घाई नव्हती. मला वाटतं, मी त्या सकाळी निघतानाच ठरवलं होतं की भाऊ म्हणून तुला झुकतं माप द्यायचं नाही. गेज चुकीचा निघावा अशी मनातून इतकी इच्छा होती, की त्या इच्छेचीच मला लाज वाटत होती. मग गेज बरोबर निघाला तेव्हा मी दुसरा प्रश्न विचारला नाही. परका पाटकरी असता तर विचारला असता. परक्याला मी न्याय दिला असता, थेन.

डोंगरात बर्फ सरासरीच्या एकाहत्तर टक्के आहे. तेरा साली एवढाच होता.

मार्ला


रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय थेन,

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. चार ओळी. मी त्या इथे उतरवते, म्हणजे मी काय वाचलं ते तुला कळेल.

"गवत असेल. पण ओटलीबाईंच्या घोड्यांसाठी मी दोन सकाळी त्यांचं दार उघडलं होतं, १२ आणि १५ ऑगस्टला, चाकाचे दोन वळसे, दोन-तीन तास. सगळे जत्रेत होते. म्हणून तेव्हा भांडलो नाही. राहू दे आता."

मी खुर्चीत बसून हे वाचलं आणि आधी, खरं सांगते, चिडले. माझी दहा वर्षांची चूक इतकी स्वच्छ मांडून झाली होती आणि तू त्यात चिखलाचा बूट ठेवलास. एखाद तासानं राग गेला आणि मी ते दार बघून आले. वळशाला किती उघडतं ते मोजलं, त्या दिवसांची कालव्याची पातळी घेतली. दोन वळशांना दीड क्युसेक जातात. तेही सहा तास, सबंध महिन्यात.

दीड म्हणजे एकतीस नव्हेत. तूट १९ तारखेपर्यंत दिवसाकाठी एक-दीड क्युसेकनं वाढत गेली होती. माणूस असा चढत्या भाजणीनं चोरी करत नाही. गवत वाढतं. तू दोन सकाळी नियम मोडलास, त्याबद्दल कंपनीनं तुला बोलायला हवं होतं, फार तर महिनाभर घरी बसवायचं. तुझं नाव घालवण्याइतकं ते नव्हतं.

तुला माहीत नसेल, किंवा आईनं सांगितलंही असेल. त्या वर्षापासून कालव्याच्या प्रत्येक दाराला साखळी आणि कुलूप आहे, आणि त्या कुलपाला इथे "थेन" म्हणतात. नवीन लोकांना तर ते माणसाचं नाव आहे हेही ठाऊक नाही. गेल्या वसंतात दुकानात एक बाई माझ्या शेजारी उभी राहून म्हणाली, "दोन थेन द्या, एकाच किल्लीचे." मी बॅटरी घेतल्या आणि बाहेर आले.

आता मला माझ्या पहिल्या पत्रातली एक ओळ दुरुस्त करायची आहे. मी लिहिलं, हे गेल्या आठवड्यात हाती लागलं. ते तसं नाही.

२०१४ च्या फेब्रुवारीत मी त्या वर्षाची नोंद पक्की करायला बसले होते. तू जाऊन चार महिने झाले होते. यंत्राचा आलेख पडद्यावर होता आणि त्यात १९ तारखेला ती पायरी होती, अर्ध्या तासात बावीस शतांश. माझा हात थांबला, हे मला आठवतं. शेरा लिहायच्या चौकटीत मी लिहिलं, "धरणातून विसर्ग घटवला." धरणाला फोन केला नाही. तो खोटा शेरा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फोन केला तर कळेल, हे मात्र माहीत होतं. मी फोनकडे पाहिलं आणि पुढचा महिना उघडला.

फोन न करणारी ती तुझी बहीण होती. पहिल्या पत्रात मी फक्त निष्काळजी होते. ती निष्काळजी बहीण जास्त बरी दिसत होती, म्हणून तिथेच थांबले होते.

हा शेराही अर्जात लिहिला आहे. लॉइडनं वाचला, पेन खाली ठेवलं, आणि "फायलीत दोन पत्रं" एवढंच म्हणाला.

तुझं "राहू दे" मी नीट वाचलं आहे. नोंदीच्या बाबतीत तुझं ऐकता येणार नाही. ती तुझी नाही, माझीही नाही. त्या आकड्यांवर माणसं पुढच्या उन्हाळ्यात कुणाचं पाणी तोडायचं ते ठरवतात. सभेत मी फक्त माझ्या चुकीबद्दल बोलू शकते. पण वेसनं तोंडावर विचारलं, "त्यानं ओटलींचं दार कधीच उघडलं नाही का?" तर मी खोटं बोलणार नाही, आणि "माहीत नाही" हेही आता खोटंच होईल. तुला हे नको असेल तर १५ तारखेच्या आत कळव. मी तोंडी बोलणार नाही, कागद देऊन परत येईन. हे तुझ्या हातात आहे. एवढंच तुझ्या हातात ठेवता आलं.

आईला सगळं सांगितलं, फेब्रुवारीच्या शेऱ्यासकट. ती फ्रीजरमधून एल्कचं मांस काढत होती. म्हणाली, "मला तुमच्या शतांशांतलं काही कळत नाही. दोन मुलं एकाच टेबलावर जेवत नाहीत एवढं कळतं." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "तो दार उघडून आला त्या दिवशी इथे आला होता. म्हणाला, मर्ना ओटलीच्या घोड्या ओरडत होत्या." दहा वर्षं तिला हे माहीत होतं! मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू मोजणारी. तुला सांगितलं असतं तर लिहून घेतलं असतंस."

मार्ला


शुक्रवार, १६ फेब्रुवारी

प्रिय थेन,

तुझं दुसरं कार्ड बुधवारी मिळालं. तीन शब्द. "विचारलं तर सांग." ते मी काल सभेत कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं.

सभा चर्चच्या हॉलमध्ये, नेहमीसारखी. चीजवाले बटाटे चार प्रकारचे, हिरवी जेली दोन प्रकारची, आपल्या चर्चला न चालणारी कॉफी कुणाच्याच थर्मासमध्ये नाही असं सगळे दाखवत होते. एकशेबारा भागधारकांपैकी एक्केचाळीस आले होते. धरणाचा साठा, बर्फाचे आकडे, दारं रंगवायचा विषय, सगळं झाल्यावर वेसनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मार्लाला काही बोलायचंय. सरकारतर्फे का?"

"नाही, माझ्यातर्फे."

मी कागद वाटले. एका पानावर दोन आलेख, पुलाचा आणि गावचा, आणि खाली व्हर्लिनच्या वहीतल्या दहा ओळी, मीटलोफसकट. मी उभी राहून वाचलं. आधीचं वाचन घेतलं नाही हे सांगितलं. सहा महिन्यांनी दिसलं आणि विचारलं नाही हेही सांगितलं. नऊ तासांची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हळूच "अरे देवा" म्हणालं. गावाकडच्या शेतांवरचा ड्वेन टफ्ट, ज्याची कापणी त्या साली वाळली, तो पान डोळ्यांजवळ नेऊन बघत होता.

"म्हणजे," ड्वेन म्हणाला, "माझं पाणी कुणी नेलंच नाही?"

"नाही. ते नव्हतंच. धरणातून तेवढं सुटलंच नव्हतं. कागदावर होतं फक्त."

"मग मी दहा वर्षं कुणाला शिव्या देतोय?"

"पाणगवताला दे!" असं कुणीतरी ओरडलं आणि हॉल हसला. मी हसले नाही. वेसही नाही.

वेस उठला. म्हातारा झालाय, थेन, टेबलाला धरून उठतो. म्हणाला, "गवत तर गवत. ओटलींचं कुरण मी माझ्या डोळ्यांनी हिरवं पाहिलंय. तुझ्या भावानं ते दार उघडलंच नाही, हे इथे सगळ्यांसमोर सांग, आणि मी बसतो."

इथपर्यंत सगळे माझ्या बाजूला होते. "नाही उघडलं" म्हटलं असतं तर तू काल संध्याकाळी हॅलोरनमध्ये पूर्ण सुटला असतास. ते किती सोपं होतं, हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे.

मी म्हटलं, "उघडलं. दोन सकाळी. बारा आणि पंधरा ऑगस्टला, सहा तास मिळून. दीड क्युसेक. त्यानं स्वतः मला लिहून कळवलंय आणि तुम्हाला सांगायला सांगितलंय."

मग मागून म्हाताऱ्या गार्थ निल्सनचा आवाज आला, "दीड? वेस, तुझ्या बांधाच्या भगदाडातून रात्रंदिवस तेवढं जातं. मी अकरा सालापासून सांगतोय."

"माझ्या बांधाचा विषय नाहीये, गार्थ!"

"मग असायला हवा."

दोघं एकमेकांकडे बोटं करून बोलत राहिले. तीन-चार जण उठून वाढून घ्यायला गेले. ड्वेननं ठराव मांडला, की आलेख इतिवृत्तात घ्यावेत आणि थेन हॉकन्सनला काढल्याचा २०१३ चा ठराव मागे घेऊन त्याला तसं पत्र पाठवावं. वेसनं तो मधोमध तोडून दोन वेगळी मतदानं घेतली. आलेख "मिळाले" असं नोंदवायचं, यावर एक्केचाळीसपैकी चौतीस हात वर आले. पत्राला अठराच. विरोधात तेवीस. आईनं दोन्ही वेळा हात वर केला. तिच्या नावावर एकही भाग नाही, तिचा हात मोजलेला नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही.

म्हणजे अर्धं झालं. तुला पत्र येणार नाही. सध्या तरी.

बाहेर गाडीपाशी गार्थनं मला गाठलं. "पोरी, ते दीड सांगितलं नसतंस तर पत्र गेलं असतं."

"माहीत आहे."

"मग?"

"मग पुढच्या वर्षी कुणीतरी ते दीड शोधून काढलं असतं आणि एकतीसवरचा विश्वासही गेला असता."

तो म्हणाला, "तुझा बापही असाच होता, त्याच्याबरोबर पत्ते खेळायला मजा यायची नाही." मग आपल्या गाडीत बसून खिडकी वर करताना म्हणाला, "अठरा हात म्हणजे थोडे नाहीत. यायचे होते ते सगळे आलेही नव्हते."

घरी येईपर्यंत मी तेच मोजत होते. एकाहत्तर जण सभेला आलेच नव्हते. त्यांनी ना आलेख पाहिला, ना व्हर्लिनची वही. पाच टक्के भागधारकांनी लेखी मागितलं तर खास सभा बोलवावी लागते, असं कंपनीच्या नियमांत चौथ्या पानावर आहे. म्हणजे सहा सह्या. मला सहा नकोत. मी दारोदार जाणार आहे, कालव्याच्या तोंडापासून शेपटापर्यंत. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसून पट्टी वाचण्याआधी गवत काढलं की काय होतं ते सांगणार आहे. जो दीड विचारेल त्याला दीडही सांगेन. दिवसाला चार घरं जमली तरी एप्रिलच्या पाण्याआधी संपेल. उरलेली रजा सगळी टाकली आहे.

ज्यांनी विरोधात हात वर केला त्यांच्यापासून सुरुवात करायची, असं ठरवलंय. आपल्या बाजूच्यांकडे जाऊन बरं वाटेल, पण पत्र त्यांनी अडवलेलं नाही.

तुला माफ कर म्हणायचं मी अजून टाळते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पहिल्या ओळीत माफी मागितली ती पत्र न लिहिल्याची होती. बाकीची मागण्याआधी ते पत्र तुझ्या हातात पडलेलं मला हवं आहे. तू ते ट्रकच्या टपावर ठेवून विसरलास तरी चालेल.

मार्ला

उद्या: वेस क्रॅंडलकडे, सकाळी साडेसातला, तो गुरांना चारा टाकून आत येण्याआधी.